शेळगावचं दारं, वडगावचं दारं

निवृत्तीदादा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्यासमोरच्या स्क्रीनवर त्यांचंच नाव होतं. सोमवारची सकाळ, नऊ वाजले असतील. शनिवारी केलेलं काम मी त्यांच्या तपासणीसाठी पाठवून ठेवलं होतं आणि त्यांनी बघितल्याशिवाय ते पुढं सरकणार नव्हतं. ‘निवृत्ती यांची मंजुरी बाकी’ अशी एक पिवळी पट्टी दिसत होती आणि मी तिच्याकडं जरा चिडूनच बघत होते, कारण दादा सोमवारी हमखास उशिरा यायचे. तेवढ्यात सोमनाथचा फोन आला. सोमनाथ म्हणजे आमच्या ऑफिसातला तिसरा, नरसिंहपूरचा. तो म्हणाला, “दादा गेलं गं.” मला वाटलं, इंदापूरला गेले. कारखान्यावर काही काम निघालं की ते न सांगता परस्पर इंदापूर गाठायचे. मी विचारलं, “कुठं गेले?” हा प्रश्न आठवला की अजूनही माझी मलाच लाज वाटते…

शेळगावच्या घरी, गोठ्यातलं आवरून ते चहाला बसले होते. अर्धा कप झाला, छातीत कळ आली, आणि शेजाऱ्यानं गाडी अंगणात आणेपर्यंत सगळं संपलं होतं. एक्कावन्न वय. त्यांच्या नावावरून आम्ही त्यांना फार छळायचो. दादा, निवृत्ती कधी घेताय, असं कुणी म्हणालं की ते मान न वळवता सांगायचे की आईबापानं बारशालाच दिलीय, आता आणखी कुठली घ्यायची. या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. त्यांच्याबद्दल लिहायला मी दोनदा बसले आणि दोन्ही वेळा उठले. कारण दादांबद्दल खरं लिहायचं तर आधी माझ्याबद्दल एक गोष्ट लिहावी लागते, आणि ती मी दोन वर्षं कुणाला सांगितलेली नाही.

आमचं ऑफिस बारामतीत, भिगवण रोडला, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानाच्या वर. आम्ही चौघं. अविनाश सर मालक, दादा, सोमनाथ आणि मी. साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो, म्हणजे कुणाच्या शेतात कुठला ऊस कधी लागला आणि त्या हिशेबानं तोडणीला कुणाचा नंबर आधी, याची यादी. ऐकायला साधं वाटतं. पण आडसाली ऊस दीड वर्षाचा होऊन उभा असताना तोडणीची टोळी दुसऱ्याच्या खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या कोवळ्या पिकात शिरली, तर तो उभा ऊस वाळतो, वजन घटतं आणि शेतकरी बुडतो, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगायला नको. दादांना तर नकोच. त्यांनी उमेदीची बारा वर्षं कारखान्याच्या शेतकी खात्यात चिटबॉय म्हणून काढली होती. चिटबॉय म्हणजे सायकलवरून शिवार पालथं घालत उसाच्या नोंदी घेणारा माणूस. नावात बॉय असला तरी दादा तेव्हाच दोन लेकरांचे बाप होते. पुढं कारखान्यात कॉम्प्युटर आला, तो कुणी चालवेना म्हणून यांनी चालवला, चालवता चालवता तो आतून कसा चालतो ते शिकले, आणि चाळिशीत आमच्या सरांकडं प्रोग्रामर म्हणून रुजू झाले. इंग्रजी अडखळत वाचायचे. पण त्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये चूक सापडली असं मी फार वेळा पाहिलं नाही.

मी पुण्यातून इंजिनिअर होऊन आलेली. त्यामुळं पहिल्या दिवशी नाक जरा वरच होतं. दादांनी मला माझं कॉलेज विचारलं नाही, गाव विचारलं. वडगाव निंबाळकर म्हटल्यावर त्यांचा दुसरा प्रश्न होता, “तुमच्यात दारं कोण धरतं?” मी म्हणाले, चुलते. ते एकदम खूश झाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. उसाला पाणी देताना पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचं असतं. त्यासाठी एका तोंडाची माती खोऱ्यानं ओढून ते उघडायचं आणि आधीचं बुजवायचं. ते तोंड म्हणजे दारं, तिथं उभं राहून पाणी सांभाळणं म्हणजे दारं धरणं, आणि पाणी वळवणं म्हणजे दारं मोडणं. आमच्या धंद्यातली सगळ्यात नाजूक गोष्ट दादांनी मला त्या दिवशी याच्यावरून शिकवली.

ती गोष्ट अशी. चौघं मिळून एकच प्रोग्राम लिहितात. त्याची मूळ प्रत एका सामायिक ठिकाणी असते. प्रत्येक जण तिची नक्कल आपल्या मशीनवर घेतो, त्यात भर घालतो आणि मूळ प्रतीत परत नेऊन मिळवतो. आता, मी नक्कल घेतल्यावर मधल्या वेळात दुसऱ्या कुणी मूळ प्रतीत काही घातलं असेल तर आधी ते मी माझ्याकडं घ्यायचं, माझ्या कामाशी जुळवायचं आणि मगच पाठवायचं. घेतलं नाही तर ती यंत्रणा तुम्हाला दारातच अडवते. पण तिला दामटवायची एक आज्ञाही असते. ती दिली की तुमचं आत जातं, आणि दुसऱ्याचं पुसून जातं. दादा म्हणाले, “पाट एक हाय. आधी वर जाऊन बघायचं पाणी कुणाकडं चाललंय. मग आपलं दारं. घाई झाली म्हणून बांध फोडायचा न्हाय.” मी हो हो केलं. मनात म्हटलं, हे सगळं मला पुस्तकातून माहीत आहे.

चौघांतच काम, त्यामुळं ऑफिसात एक पद्धत पडली होती. मूळ प्रतीत काम मिळवताना मोठ्यानं सांगायचं, “दारं मोडलं.” सगळ्यांना ते पाठ झालं होतं. या दोन शब्दांचा नेमका अर्थ मात्र कुणी कुणाला कधी विचारला नव्हता.

दोन वर्षांपूर्वीची, दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. गळीत हंगाम तोंडावर आलेला. इंदापूरकडच्या एका कारखान्याला दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोग्राम दाखवायचा होता आणि तो त्यांना पटला तरच काम आमच्याकडं राहणार होतं. तोडणीच्या क्रमाचा सगळा भाग दादांनी तीन दिवस खपून लिहिला होता. दुपारी ते आपल्या जागेवरून म्हणाले, “दारं मोडलं.” आमच्या घरी चुलते बांधावरून असं ओरडले की त्याचा अर्थ त्यांचं भिजवून झालं, पाणी पुढच्याला सोडलं. म्हणून मी लगेच मूळ प्रत माझ्याकडं घेतली, जुळवली आणि माझं काम पाठवायला घेतलं. यंत्रणेनं अडवलं. मला वाटलं, दादांचं तर झालंय आणि मी घेतलंयही, हे काहीतरी अडकलंय. सर डोक्यावर उभे होते, लवकर लवकर म्हणत होते. मी इंटरनेटवर शोधलं, कुणीतरी दिलेली एक ओळ उचलली आणि दामटवली. गेलं. मी खुर्चीत मागं टेकून पाणी प्यायले… मी प्रत घेतल्यानंतर कुठं दादा आपलं काम एकेक तुकडा करून मूळ प्रतीत घालायला लागले होते. मी दामटवलं तेव्हा शेवटचा तुकडा घालून ते जेवायला उठले होते. ते सगळं मी पुसून टाकलं होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

तरी ते वाचलं असतं, कारण दादांच्या मशीनवर त्यांची प्रत होती. पण ते मशीन त्या दिवसांत दादा आणि सोमनाथ दोघं वापरायचे. दुसऱ्या दिवशीची तयारी करायची म्हणून सोमनाथ त्यावर बसला, डिस्कवर जागा नाही म्हणून त्यानं जुना फोल्डर काढून टाकला आणि मूळ ठिकाणाहून ताजी प्रत उतरवून घेतली. झालं. तीन दिवसांचं काम कुठंच उरलं नाही.

हे कळलं ते थेट कारखान्यात, शेतकी अधिकाऱ्यांसमोर. पडद्यावर यादी आली आणि पहिल्या दहा नावांत सगळा खोडवा. आडसालीवाले पार तळाला. एक वयस्कर संचालक शांतपणे म्हणाले, “ह्या यादीनं तोड दिली तर आमाला गावात कोण उभं करंल का?” कुणी हसलं नाही. अविनाश सरांचा चेहरा उतरला आणि त्यांनी मागं वळून विचारलं, हे कुणी केलं. कालची ती दामटवलेली ओळ आठवून माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात दादा उठून उभे राहिले. “माझ्याकडनं झालं, साहेब. काम माझं, घालवलं बी मीच. चार दिस द्या.” त्यांना शेतकी खात्यातले सगळे ओळखत होते, त्यांच्या शब्दावर चार दिवस मिळाले. आणि मी… मी बसून राहिले. सहा महिन्यांपूर्वी लागलेली नोकरी, घरात मी एकटी शिकलेली, सर आधीच माझ्यावर नाखूश. कारणं मी हवी तेवढी देऊ शकते. खरं एवढंच की मी घाबरले आणि गप्प राहिले.

परतताना बारामतीच्या रस्त्यावर, जंक्शन नावाच्या गावात चहाला थांबलो. सर आणि सोमनाथ गाडीपाशीच राहिले होते. दादांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि अगदी सहज विचारलं, “शुभांगी, वडगावात दारं मोडलं म्हंजी काय गं?”

“संपलं,” मी म्हणाले. “पाणी पुढच्याला दिलं.”

“आमच्या शेळगावात सुरू झालं. पाणी माझ्याकडं वळवलं.” आणि ते हसायला लागले. बशीतला चहा शर्टवर सांडेपर्यंत हसले. मला रडू येत होतं आणि या माणसाला हसू आवरत नव्हतं. पाणी वळवण्याचं काम एकच, एक गाव ते देणाऱ्याच्या बाजूनं बोलतं आणि दुसरं घेणाऱ्याच्या. दामटवलेल्या कामाची नोंद, कुणी आणि कधी एवढीच, कुठंतरी राहते आणि ती बघायचा अधिकार आमच्यात फक्त दादांना होता. म्हणजे त्यांना माझं नाव चहाला थांबण्याआधीच कळलेलं होतं. त्यांनी ते पुन्हा कधीही काढलं नाही.

ते काम त्यांनी दोन दिवसांत नव्यानं लिहिलं आणि तिसऱ्या दिवशी घरून टॉवेल घेऊन आले. लाल चौकटीचा, धुऊन धुऊन मऊ झालेला. म्हणाले, आजपासून तोंडानं सांगायचं बंद. ज्याला मूळ प्रतीत काही घालायचं असेल त्यानं टॉवेल आपल्या खुर्चीवर टाकायचा. टॉवेल दुसऱ्याच्या खुर्चीवर असेल तर हात बांधून बसायचं. कुणाचीच पाळी नसेल तेव्हा तो दादांच्या खुर्चीच्या पाठीवर. शिवाय दामटवायची ती आज्ञाच त्यांनी बंद करून टाकली, दुसऱ्यानं तपासल्याशिवाय कुणाचंच काम आत जाणार नाही अशी सोय केली, आणि संध्याकाळी घरी निघण्याआधी दिवसभराचं काम, अर्धंमुर्धं असलं तरी, सामायिक ठिकाणी आपल्या नावाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवूनच जायचं असा दंडक घातला. माणूस घरी गेला की सकाळी येईलच कशावरून, असं ते म्हणायचे. आम्हाला तो त्यांचा तिरकसपणा वाटायचा. पुण्याहून कुणी पाहुणे आले की टॉवेल बघून हसायचे आणि दादा त्यांना हातपाय पुसायचे का विचारायचे.

त्यांचा आणखी एक छळ होता. मूळ प्रतीत काम घालताना प्रत्येक वेळी चार शब्दांची नोंद लिहावी लागते, काय बदललं म्हणून. आम्ही ‘दुरुस्त’ एवढंच लिहून मोकळे व्हायचो. दादा ते परत पाठवायचे. काय दुरुस्त, कुणाचं, कशापायी, मागनं येणाऱ्याला कसं कळायचं. चिटबॉय असताना नोंदीत एक अक्षर चुकलं तर एका घरचा ऊस उभा राहायचा, ती भीती त्यांच्या अंगात मुरलेली होती. स्वतःच्या नोंदी तर ते पत्रासारख्या लिहायचे. ‘लागणीची तारीख पुढची टाकता येत होती, ती बंद केली. आज लाईट दोनदा गेली. शुभांगीनं मेथीची भाजी आणली होती, मीठ जास्त.’ आम्ही त्या वाचायचो नाही. बघून हसायचो आणि पुढं जायचो.

आणि ऑफिसात मात्र एक थट्टा कायमची झाली. कुणाचं काही हरवलं, चार्जर असो की डब्याचं झाकण, की म्हणायचं, दादांनी घालवलं असेल. मीसुद्धा म्हणायचे. दादा हसून मान डोलवायचे. सोमनाथ तेवढा कधी म्हणाला नाही, हे माझ्या आता लक्षात येतंय. त्या प्रसंगानंतर सोमनाथनं त्याच्या मशीनवरचं काहीही काढून टाकणं बंद केलं. नको त्या गोष्टींनी त्याची डिस्क भरून वाहते, त्यावरून आम्ही त्याला भंगारवाला म्हणायचो.

दादांचा दहावा नरसिंहपूरला झाला, भीमा-नीरेच्या संगमावर. श्रद्धांजलीला बरीच माणसं बोलली, शेवटी अविनाश सर उभे राहिले. सरांनी दादांवर मनापासून माया केली होती. ते दादांचा मोठेपणा सांगायला गेले आणि त्यांना तीच गोष्ट आठवली. इतक्या काटेकोर माणसाच्या हातूनही एकदा तीन दिवसांचं काम गेलं होतं, पण भर सभेत उभं राहून त्यांनी ते कबूल केलं, असं ते म्हणाले. लोकांनी माना हलवल्या. वहिनी समोर बसल्या होत्या, त्यांनी पदर डोळ्याला लावला. मला उठायचं होतं. खरंच उठायचं होतं… आणि मी दुसऱ्यांदा बसून राहिले. निघताना वहिनींनी मला जवळ घेतलं आणि विचारलं, “लाल टॉवेल हाय का तितंच?” मी म्हटलं, आहे, आणून देऊ का. त्या म्हणाल्या, “नगं. तुमच्या कामाचा हाय म्हणायचे. राहू द्या.”

मग सरांना काळजी पडली की दादांच्या लॅपटॉपवर काही अर्धं काम अडकलं असेल, आणि हंगाम तर जवळ आलेला. ते बघायचं काम माझ्याकडं आलं. मी लॅपटॉप उघडला आणि मूळ ठिकाणाशी ताडून पाहिलं. एक ओळही मागं राहिली नव्हती. शनिवारी साडेपाचला, घरी निघण्याआधी, त्यांनी सगळं आपल्या कप्प्यात ठेवलं होतं. सोबत नोंद होती: ‘पूर्वहंगामी उसाचं अर्धं झालंय, उरलेलं सोमवारी.’ ते ‘सोमवारी’ वाचलं आणि इतके दिवस कोरडी राहिलेली मी त्या शेळगावच्या माणसासाठी टेबलावर डोकं टेकवून रडले. मग डोळे पुसून त्यांच्या नोंदी मागं मागं वाचत गेले. दोन वर्षं मागं. तीन दिवसांचं काम नव्यानं लिहून आत घातलं त्या दिवसाची नोंद समोर आली. ती जशीच्या तशी देते.

‘तीन दिसाचं काम परत लिहिलं. आधीचं कसं गेलं ते हितं लिहून ठेवतो, नोंद खरी पाहिजे. शेळगावात दारं मोडलं म्हंजी सुरू झालं, वडगावात संपलं. मी माझ्या गावचं बोललो, शुभांगीनं तिच्या गावचं ऐकलं. सोमनाथनं फोल्डर काढला कारण जागा नव्हती, त्याला ठावं नव्हतं. दोघं बी घाबरल्यात, कुणी विचारू नये. विचारलंच तर माझं नाव सांगावं. आडसाली आता खोडव्याच्या आधी येतोय, तीनदा बघितलं. खिडकीत चिमणीनं घरटं केलंय, पंखा जपून लावणे.’

दोन वर्षं ही नोंद सगळ्यांसमोर उघडी पडली होती. सर, सोमनाथ, मी, कुणीही एकदा बोट खाली सरकवलं असतं तर दिसली असती. मी ज्याला गुपित समजून सांभाळत होते ते त्यांनी तिसऱ्याच दिवशी लिहून ठेवलं होतं, आणि आम्ही कुणी वाचलं नव्हतं. आणि मला विचारू नये, हेही त्यांनीच लिहिलं होतं.

मी सोमनाथला हाक मारली. त्यानं उभ्यानंच वाचलं, मग खुर्ची ओढून पुन्हा वाचलं. म्हणाला, “मी समजत होतो माझ्यामुळं गेलं. फोल्डर मी काढला म्हणून.” दोन वर्षं दोन टेबलांवर बसून आम्ही दोघं एकच ओझं वेगवेगळं वाहत होतो आणि ज्यांनी ते आधीच उचललं होतं ते आमच्यामध्ये बसून डबा खात होते. मी म्हणाले, “तुझ्यामुळं नाही. मी दामटवलं होतं.” हे वाक्य तोंडातून पहिल्यांदाच निघालं. ते फार लहान निघालं.

मग मी दादांच्या खुर्चीवरचा टॉवेल उचलून माझ्या खुर्चीवर टाकला. जुनी नोंद बदलता येत नाही, दादांनीच तशी सोय केलेली. म्हणून नवी लिहायला घेतली. आधी सगळ्यांचं काम माझ्याकडं घेतलं, त्यांनी शिकवल्याप्रमाणं, आणि खाली लिहिलं: ‘दोन वर्षांपूर्वी दादांचं तीन दिवसांचं काम माझ्या हातून पुसलं गेलं. कारखान्यात त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं आणि मी गप्प बसले. नोंद खरी पाहिजे म्हणून लिहिते. शुभांगी.’ तपासायला सरांकडं पाठवलं. त्यांच्या केबिनच्या काचेपलीकडं ते वाचताना दिसत होते. चष्मा काढून त्यांनी पुसला, परत लावला, परत वाचलं. मग माझ्याकडं न बघता मंजुरी दिली. पिवळी पट्टी गेली.

सोमनाथ त्याच्या पाळीसाठी माझ्या मागंच उभा होता. त्यानं विचारलं, झालं का. दोन वर्षांत ऑफिसात कुणी न उच्चारलेले शब्द माझ्या तोंडून गेले, “दारं मोडलं.”

तो म्हणाला, “शेळगावचं का वडगावचं?”

मी टॉवेल काढून त्याच्या हातात दिला.